अकरा वर्षांची लीग



आज आम्ही फुटबॉलची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही अक्षरे शिकायला आलो. चेंडूचे काय काम?" काम आहे. ऐका.

पूर्वी फुटबॉलचे मोठे सामने करंडकासाठी होत. मुंबईचा रोव्हर्स करंडक १८९१ साली सुरू झाला. असे सामने थोड्या दिवसांत संपतात. हरला, की संघ घरी. मग १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग निघाली. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. हरला तरी पुढचा सामना असतोच. शेवटी ज्याचे गुण जास्त, तो विजेता.

पहिल्या वर्षी पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी हा गिरणीचा संघ जिंकला. पुढे कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल तीन-तीन वेळा जिंकले. गोव्याचा साळगावकर एकदा, धेंपो दोनदा. २००६ साली मुंबईचा महिंद्रा युनायटेड जिंकला. आता बेरीज करा पाहू. अकरा! लीग तेवढीच वर्षे चालली. २००७ साली ती बंद झाली व तिच्या जागी आय-लीग आली.

असे का झाले? चांगली मैदाने थोडी, बघणारे थोडे. तिकिटांवर खर्च भागेना. बरेच संघ कंपनीच्या पैशावर उभे. मालकाने हात आखडला, की संघ मोडला. महिंद्राने २०१० साली संघ बंद केला, जेसीटीने २०११ साली. दोघेही एके काळचे विजेते! पण जिंकल्याने पोट सुरक्षित होत नाही. मजुरी किती, किती दिवस, काम थांबले तर काय, हे कागदावर असते.

आपल्या परंड्याकडची माणसे ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल घेतात. आमचे वडीलही जात. कोयता चालवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. पण वाचता येत नव्हते. एकदा कागदावर अंगठा दिला. आकडा किती लिहिला, ते कळले नाही. ती उचल फेडता फेडता दोन हंगाम गेले. आई तेव्हा आजारी होती.

म्हणून सांगतो, हातात कसब हवेच. पण कागद वाचल्याशिवाय सही करू नका. समजले नाही, तर विचारा. विचारण्यात कसली लाज? आणि त्याची एक नक्कल घरी ठेवा.

उद्या पाटीवर तीन शब्द लिहून आणा : करार, मजुरी, मुदत.

एवढे बोलून आम्ही थांबतो.