अवधाण, गंडमाळ आणि पाणथरी
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले, ते काही माझ्या विद्वत्तेवर नव्हे. माझी शाळा सातवीलाच संपली. पण गेल्या वर्षी पुतणीबरोबर सहा महिने सरकारी दवाखान्यात फेऱ्या घातल्या आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून जे कळले, ते सांगते.

पायात काटा मोडून पू झाला की जांघेत अवधाण येते, हे आपल्याला आजीपासून ठाऊक आहे. तसल्या बारीक गाठी शरीरात पाचसहाशे असतात. मानेत, काखेत, पोटातसुद्धा. त्या म्हणजे शरीराच्या चौक्याच. जंतू आला की तिथे अडवायचा. अडवताना चौकी सुजते, दुखते. जखम भरली की बसते. मुलांचा घसा धरला किंवा उवांच्या खाजेने डोक्यात फोड झाले, तरी मानेत गाठी येतात. त्याला एवढे घाबरायचे कारण नाही.

लक्ष द्यायचे ते न दुखणाऱ्या गाठीकडे. आपली समजूत नेमकी उलटी! दुखत नाही ना, मग असू दे. पुतणीच्या मानेत अशीच बोराएवढी गाठ होती. दोन महिन्यांत शेजारी आणखी दोन आल्या. संध्याकाळी अंग कोमट, जेवण कमी. मुलगी दाखवायची होती, म्हणून जाऊबाईंनी तिला ओढणी गळ्याभोवती घ्यायला लावली. कुणी बिब्बा सुचवला, कुणी डाग द्यायला सांगितले. मी म्हटले, आधी दवाखाना, मग पाहुणे. घरात वाईटपणा आला, तो घेतला.

तिथे बारीक सुईने गाठीतला अंश काढून तपासला. गंडमाळ निघाली, म्हणजे गाठींचा क्षय. लगेच घरात तिची कपबशी वेगळी झाली! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसता गाठींतला क्षय खोकल्या-शिंकण्यातून पसरत नाही. छातीत नाही ना, हे मात्र फोटो काढून पाहावे. औषध फुकट, साधारण सहा महिने. खुराकासाठी सरकार नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये देते. दुसऱ्या महिन्यात गाठ कमी व्हायची ती वाढली, तेव्हा जाऊबाई गोळ्या बंद करायला निघाल्या. औषध चालू असताना काहींना असे होते. डॉक्टरांना दाखवावे, पण आपल्या मनाने गोळी सोडू नये.

पुढे आलेल्या स्थळाला आम्ही सगळे सांगितले. ते परत गेले. दुसऱ्यांनी डॉक्टरांचे कागद पाहिले आणि होकार दिला.

न दुखणारी प्रत्येक गाठ क्षयाचीच असते असे नाही. कधी कर्करोगाचीही असते. दोनतीन आठवड्यांत न बसणारी, कठीण किंवा गळ्याच्या हाडावर आलेली गाठ तपासलीच पाहिजे.

आता पाणथरी. ती डाव्या बरगड्यांखाली असते, मुठीएवढी. रक्त गाळते, जुने रक्तकण मोडते. एरवी हाताला लागत नाही. हिवताप वारंवार आला, थॅलसेमियासारखे रक्ताचे दुखणे असले, की वाढते. मग "पोटात गोळा आलाय" म्हणून आपण तेल लावून चोळतो. तेवढे करू नका. वाढलेली पाणथरी नाजूक असते, धक्क्याने फुटून आतल्या आत रक्त जाते. मूल पडले आणि डावीकडे पोट दुखून पांढरेफटक झाले, तर त्याच पावली दवाखाना गाठावा.

एकटीने जायला कुणाला संकोच वाटत असेल तर मला सांगा. सकाळी नऊनंतर मी मोकळी असते.