पंपावरच्या दोन तासांचा हिशेब

श्रीगोंदा, दौंड परिसरातून आलेल्या डॉक्टर बंधू-भगिनींनो,

शनिवारी काष्टीचा बाजार असतो, त्या दिवशी तुम्हाला दवाखाना सोडता येत नाही, म्हणून सभेसाठी रविवार ठरवला असे संयोजकांनी सांगितले. योग्य केले.

प्रथेप्रमाणे अध्यक्ष म्हणून मी हृदयशस्त्रक्रियेतील भूलशास्त्राचा आढावा घ्यायचा आहे. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्रावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयप्रत्यारोपणापर्यंत मजल मारली. आज महात्मा फुले योजनेतून आपल्या तालुक्यातला शेतमजूर बायपास करून घरी येतो. आढावा इथेच थांबवतो, कारण बरीच वर्षे मनात ठेवलेले एक गाऱ्हाणे आहे आणि ते मांडायला याहून योग्य सभा मला मिळणार नाही.

पंपावर, म्हणजे हृदय-फुफ्फुस यंत्रावर, रुग्णाचे हृदय आम्ही थांबवतो. मेंदूवर लक्ष असते, हृदयावर तर असतेच. मूत्रपिंडाची चौकशी मात्र दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला की होते. क्रिएटिनिन वाढायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. इजा टेबलावर होते, बातमी वॉर्डात पोचते.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांना मिळतो. तरीही त्यांच्या आतल्या भागात, मेड्युलात, प्राणवायूचा दाब जेमतेम 10 ते 20 मिलिमीटर असतो. घोडच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे चटकन कळेल: मेड्युला हा टेलचा शेतकरी आहे. मुखाशी गेज पूर्ण दिसतो, आवर्तन सुटल्याची नोंद होते, आणि टेलची चारी कोरडी राहते.

आम्हा भूलतज्ज्ञांत जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, रक्तदाब 65-70 ठेवला की मूत्रपिंड सांभाळले. दुसरा म्हणतो, पोचणारा प्राणवायू मोजा. मी दुसऱ्या पक्षाचा आहे, आणि हिशेब साधा आहे. पंपाचा प्रवाह दर चौरस मीटरला 2.4 लिटर आणि हिमोग्लोबिन 7 असेल, तर दर चौरस मीटरला मिनिटाला सुमारे 225 मिलिलिटर प्राणवायू पोचतो. इटलीच्या रानुच्ची यांनी 2005 मध्ये धोक्याची रेषा 272 ला आखली. म्हणजे दाब 70, सॅच्युरेशन 100, आणि मूत्रपिंड उपाशी! आपल्याकडच्या बऱ्याच बायका मुळातच 9-10 हिमोग्लोबिन घेऊन येतात. पंपातले पाणी मिसळले की 7 व्हायला वेळ लागत नाही.

अशाच एका केसमध्ये नॉरॅड्रेनॅलिनवर दाब छान होता आणि लघवीची पिशवी कोरडी. सर्जन म्हणाले, लॅसिक्स द्या. पंप चालवणारे आमचे ज्येष्ठ पर्फ्युजनिस्ट, कमी बोलणारा माणूस, म्हणाले, आधी प्रवाह वाढवू आणि एक बाटली रक्त घालू. तसे केले. नळीत थेंब दिसू लागले. थंड शरीर, मॅनिटॉल यांनीही लघवी बदलते, हे मला कुणी शिकवू नये. पण त्या दिवसापासून हा वाद माझ्यापुरता मिटला. आता ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठाच्या रॉजर इव्हान्स यांच्या गटाने कॅथेटरमध्ये बारीक तंतू घालून लघवीतलाच प्राणवायू मोजून दाखवला आहे. जिथे तो फार खाली गेला, तिथे मूत्रपिंडाची इजा अधिक आढळली. ज्या पिशवीकडे आम्ही पाहत नव्हतो, तिच्यातच बातमी होती.

आता गाऱ्हाणे. हे सगळे आकडे पर्फ्युजन शीटवर असतात: सर्वांत कमी हिमोग्लोबिन किती झाले, पंप किती वेळ चालला, तासागणिक लघवी किती. ती शीट फाईलमध्ये जाते आणि फाईल रेकॉर्ड रूममध्ये. रुग्णाच्या हातातल्या डिस्चार्ज कार्डावर एकच वाक्य असते: शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली.

याच पट्ट्यातले एक ऊस बागायतदार बायपास करून परतले. गुडघा दुखू लागला. गावातल्या डॉक्टरांनी कार्ड पाहिले, मूत्रपिंडाचा शब्दही नव्हता, म्हणून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले. काही दिवसांत पायांवर सूज, लघवी कमी, मग डायलिसिस. पंपावर लघवी थांबली होती, क्रिएटिनिन दीडपट होऊन उतरले होते. मी नंतर फाईलमधला तो कागद स्वतः वाचला. नातेवाईक भांडले ते गावातल्या डॉक्टरांशी. मला याचा संताप आहे आणि तो ओसरलेला नाही. ज्याला काहीच सांगितले नाही, त्यालाच आपण गुन्हेगार ठरवतो.

चार आकडे कार्डावर यावेत, एवढीच मागणी आहे: आधीचे क्रिएटिनिन, नंतरचे सर्वाधिक, पंपावरचे नीचांकी हिमोग्लोबिन, आणि लघवी किती तास अर्ध्या मिलिलिटरखाली होती, किलोमागे दर तासाला. पुण्यातल्या काही सहकाऱ्यांशी बोलणे सुरू आहे. तक्ता कसा असावा, योजनेच्या कागदपत्रांत तो कुठे बसवावा, हे ठरायचे आहे; एक छोटी समिती नेमू, नावे नंतर पाहू. तोवर रुग्ण पाठवताना क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन चिठ्ठीवर लिहा, वेदनाशामक गोळ्या किती दिवस चालल्या तेही लिहा. परतलेल्याच्या कार्डावर आकडे नसतील तर थेट मोठ्या रुग्णालयात फोन लावा. चिडतील, ताटकळत ठेवतील. तरी मागत राहा.