छिन वाद्य आणि त्याचे जाणते



संस्कृत काव्यांत वीणेचें नांव आलें कीं आपल्या डोळ्यांपुढें चित्रांतल्या सरस्वतीची वीणा उभी राहते. चिनी काव्यांचीं भाषांतरें वाचतांनाही माझें तसेंच होत असे. कारण तेथील ‘छिन’ ह्या वाद्याला भाषांतरकार कधीं वीणा म्हणतात, तर कधीं सतार. वस्तुतः तें ह्या दोहोंसारखें नाहीं. आपल्या गवयांच्या मांडीवरचें स्वरमंडळ आठवावें. त्याला दांडी नसते. पोकळ पेटीवरच तारा ताणलेल्या असतात. पाश्चात्त्य लोक ह्या जातीच्या वाद्यांना झिथर म्हणतात. छिन हें त्याच कुळांतलें: सुमारें चार फूट लांब, रोगण दिलेलें, सात तंतूंचें. हे तंतू पूर्वीं पिळलेल्या रेशमाचे असत, म्हणून त्यांना तारा म्हणावयास माझी जीभ कचरते. पृष्ठभागावर तेरा ठिपके जडविलेले असतात. त्यांच्या अनुरोधानें डाव्या हातानें तंतू दाबावयाचा आणि उजव्या हातानें छेडावयाचा. आवाज फार बेताचा. सभा जिंकण्याचें हें वाद्य नव्हे. तें स्वतःसाठीं, नाहीं तर शेजारीं बसलेल्या एखाद्या स्नेह्यासाठीं.

चिनी वाङ्मयांत ह्या वाद्याची जी गोष्ट सर्वतोमुखी आहे ती ह्या स्नेह्याचीच. बोया नांवाचा वादक मनांत पर्वत आणून वाजवी, तेव्हां त्याचा मित्र चुंग त्झुछी ह्याला पर्वत दिसे. मनांत वाहतें पाणी आणून वाजवी, तेव्हां पाणी दिसे. पुढें मित्र वारला. बोयानें तंतू तोडले, वाद्य फोडलें आणि जन्मांत पुन्हां वाजविलें नाहीं. हा शेवट इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांतल्या एका ग्रंथांत आहे. तेव्हांपासून चिनी भाषेंत जिवलग मित्राला ‘स्वर जाणणारा’ असाच शब्द पडला. ‘वाहतें पाणी’ नांवाची जी रचना बोयाची म्हणून सांगतात, ती ग्वान पिंगहू ह्या वादकानें वाजविली. तिचें ध्वनिमुद्रण 1977 सालीं व्हॉयेजर यानांबरोबर ताऱ्यांकडे धाडण्यांत आलें. तेथें तरी कोणी चुंग त्झुछी भेटतो कीं काय, कोण जाणे!

शिक्षक असतांना मैत्रीवरचा धडा आला कीं मी ही गोष्ट मोठ्या रंगानें सांगत असें. आतां मात्र ती मला थोडी एकांगी वाटते. श्रोता गेला म्हणून वाद्य फोडणें हें प्रेमाचें लक्षण खरें, पण त्यांत मागून येणाऱ्या कोणाचा विचार नाहीं. मला अधिक टोंचते ती शी कांगची गोष्ट.

शी कांग हा तिसऱ्या शतकांतला कवि आणि तत्त्वचिंतक. छिन वाद्यावर त्याचें एक दीर्घ काव्यच आहे. राजसत्तेशीं जुळवून घेणें त्याला जमलें नाहीं, आणि इ. स. 262 च्या सुमारास त्याला देहान्ताची शिक्षा झाली. राजविद्यालयाच्या तीन हजार विद्यार्थ्यांनीं, हा आमचा गुरु व्हावा, असा अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. वधस्थानीं त्यानें उन्हाची सावली पाहिली, वाद्य मागविलें आणि ‘ग्वांगलिंग सान’ ही रचना वाजविली. नंतर तो जें बोलला त्याचा आशय असा: युआन नांवाच्या एकानें ही रचना मजपाशीं शिकावयास मागितली होती, मीं हट्टानें दिली नाहीं, आज ती संपली. मरणाच्या दारांत उभा असलेला मनुष्य राजाला शाप देत नाहीं, शत्रूचें नांव घेत नाहीं; एका परतविलेल्या विद्यार्थ्याची त्याला आठवण होते!

रचना मात्र संपली नव्हती. 1425 सालीं मिंग घराण्यांतल्या एका राजपुत्रानें छापविलेल्या संग्रहांत ह्या नांवाची रचना सांपडते. तींत दुसरा तंतू उतरवून पहिल्याच्या स्वराला आणतात. पहिला तंतू राजा, दुसरा प्रधान, असा जुना संकेत आहे. तेव्हां प्रधान राजाच्या बरोबरीस बसला, म्हणून पुढील पंडितांनीं ह्या रचनेला दोष दिला. पण छिनच्या लिपींत कोणतें बोट, कोणता तंतू, कोणतें ठिकाण एवढेंच लिहिलेलें असतें. स्वर किती वेळ धरावा हें नसतें. तें गुरुमुखांतून यावयाचें, आणि गुरूची परंपरा तर तुटलेली. वर सांगितलेल्या ग्वान पिंगहू ह्यांनीं 1950 नंतरच्या दशकांत ती लिपि पुन्हां पुन्हां वाद्यावर लावून पाहिली आणि रचना उभी केली. तीच शी कांगनें वाजविली होती काय, हें सांगावयास साक्षीदार नाहीं.

माझ्या वडिलांचें एक स्वरमंडळ घरीं आहे. त्यावर ते जीं जुनीं पदें म्हणत, त्यांच्या चाली आतां मला एकट्यालाच येतात. पुष्कळ वर्षांपूर्वीं वर्गांतल्या एका मुलानें, ‘गुरुजी, मला ह्या शिकवाल का?’ म्हणून विचारलें. त्याचें गणित फार कच्चें होतें. मीं म्हटलें, ‘आधीं मॅट्रिक हो, मग पाहूं.’ तो मॅट्रिक झाला नाहीं, आणि पुन्हां आलाही नाहीं.

गेल्या महिन्यांत मीं त्या स्वरमंडळाला नव्या तारा चढविल्या. शेजारची एक मुलगी संध्याकाळीं येऊन बसते. गणित तिचेंही बेताचेंच आहे. दोन चाली झाल्या आहेत.