पडद्यावरचा धडा



म्हैसूर संस्थानाने १९३० साली सरकारी रुग्णालयांत संततिनियमन केंद्रे उघडली, तेव्हा हे बंगळूर देशाच्या पुढे होते. पुढे २००७ मध्ये कर्नाटकाने शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम रोखला. महाराष्ट्रानेही तेच केले. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा मात्र आहेच, आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही येतात. वर्गात तो पुष्कळदा ‘घरी वाचून या’ म्हणून उरकला जातो. घरी त्याचे पान कोणी उघडत नाही.

येथे संगणक उपयोगी पडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून निघालेल्या ‘टीचएड्स’ने एचआयव्हीची माहिती चलत्‌चित्रांतून, संकोच वाटणार नाही अशा बेताने मांडली. पडद्यासमोर मुलगी चित्र थांबवते, मागे नेते, चुकलेले उत्तर पुन्हा देते. कोणी हसत नाही. परागीभवन आणि मासिक पाळी एकाच धड्यात का, हेही तिला उमगते. गुण मिळतात. पण दोन महिने पाळी आली नाही तर कोणाला सांगायचे, हे प्रश्नसंचात नसते. ते बाईंना आणि आईला विचारावे लागते, आणि त्या दोघींनाही पूर्वी कोणी सांगितलेले नसते!

म्हणून यंदाच्या पालकसभेत हाच धडा आधी पालकांना दाखवला जावा. वडिलांनीही यावे.