नाकारलेल्या ऑर्डरी
(स्वागताध्यक्षीय भाषण, पांडेसरा, सुरत)



स्वागताध्यक्षाने आपल्या गावाची थोरवी सांगायची, असा आपल्याकडे रिवाज आहे. पांडेसऱ्यात दाखवायला किल्ला नाही की घाट नाही. जीआयडीसी या सरकारी औद्योगिक वसाहतीतली डाइंग-प्रिंटिंगची प्रोसेस हाउसेस आहेत, त्यांची धुराडी आहेत आणि उधना-लिंबायतपर्यंत पसरलेल्या वस्त्या आहेत. तिथे जळगाव, धुळे, नंदुरबारची अहिराणी ओडिया आणि भोजपुरीला खेटून नांदते. तेव्हा थोरवी राहू द्या. मराठी कारखानदार, व्यापारी आणि कारागिरांच्या या परिषदेचा विषय ‘उद्योगांची उलथापालथ’ असा आहे आणि त्यावर बोलायला याहून योग्य जागा मला सुचत नाही.

या विषयावर हल्ली जो तो यंत्रांबद्दल बोलतो. आज रोबो, उद्या कृत्रिम बुद्धिमत्ता. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. उद्योग उलटतात ते कामाची, पैशाची आणि जोखमीची वाटणी बदलली म्हणून. यंत्र त्या वाटणीचं निमित्त ठरतं, कधी कधी तेही ठरत नाही. आणि ही नवी वाटणी बहुधा अशा गिऱ्हाइकाच्या दारातून आत येते, ज्याला जुन्या मातब्बरांनी परत पाठवलेलं असतं. अमेरिकी प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सेन यांनी 1997 च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवलं. भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या छोट्या भट्ट्यांनी सुरुवात बांधकामाच्या सळईपासून केली. सळईत नफा जेमतेम, म्हणून बड्या कारखान्यांनी ते काम आनंदाने सोडून दिलं. मग छोट्या भट्ट्या एकेक पायरी वर चढत गेल्या आणि प्रत्येक पायरीवर बड्यांना माघार घेणंच शहाणपणाचं वाटलं. मूर्खपणाने कुणी बुडालं नाही, हिशेब चोख ठेवून बुडाले.

मराठी माणसाला मात्र हा धडा अमेरिकेतून आणायची गरज नाही. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपाने गिरण्या बुडवल्या, हा रूढ निष्कर्ष. पण इतक्या गिरण्या थंडावल्या असताना देशातली कापडाची दुकानं ओस का पडली नाहीत? कारण भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत आणि इथे सुरतेत माग चालू होते. काही गिरण्यांनी तर त्या काळात यंत्रमागांवर कापड विणून घेतलं आणि त्यावर आपला शिक्का मारला. म्हणजे गिरणीचं नाव कापडावर होतं, गिरणी मात्र त्या कापडात नव्हती. कताईपासून छपाईपर्यंत सगळं एका छताखाली करणारी ती व्यवस्था संपाच्या आधीच आतून रिकामी होत आली होती. यंत्रमागाकडे कोणतं नवं यंत्र होतं? अनेक ठिकाणी तर गिरण्यांनीच मोडीत काढलेले माग तिथे खडखडत होते. आज देशात विणल्या जाणाऱ्या कापडात संघटित गिरण्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आत आला आहे. जुन्या मागांनी गिरण्यांना हरवलं, हे यंत्राच्या भक्तांनी जरा समजावून सांगावं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. यंत्रमागाचा विजय कसला, ती तर कराची आणि कायद्याची पळवाट होती. गिरण्यांवर उत्पादन शुल्क, मागांना सवलत. गिरण्यांच्या मागांची संख्या वाढू द्यायची नाही, असं सरकारी धोरण. शिवाय विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की कारखाना कायदा लागू व्हायचा, म्हणून एकाच शेडमध्ये कागदोपत्री अनेक मालक. हे सगळं खरं आहे, आणि जो उद्योग ते नाकारतो तो स्वतःला फसवतो. पण या सवलती सगळ्याच यंत्रमाग केंद्रांना होत्या. मग सुरतच एवढी पुढे का गेली? सुरतेने सुती कापडाचा नाद धरला नाही. जरी आणि आर्ट सिल्कची सवय असलेल्या या शहराने नायलॉन आणि पॉलिस्टरचा धागा उचलला, आणि गिरणीने एका भिंतीत कोंडलेलं काम शहरभर पसरवलं. धागा एकाचा, माग दुसऱ्याचा, ग्रे म्हणजे कोऱ्या कापडावर रंग-छपाई पांडेसऱ्यात तिसऱ्याकडे, एम्ब्रॉयडरी चौथ्याकडे, विक्री रिंग रोडच्या मार्केटमध्ये पाचव्याची. जो तो दुसऱ्याच्या मालावर जॉब चार्ज घेऊन काम करतो. त्यामुळे धंद्यात शिरायला पूर्ण गिरणी लागत नाही, एका टप्प्याचं यंत्र पुरतं. डिझाइन पडलं तर एक व्यापारी बुडतो, शहर बुडत नाही. चाललं तर आठवडाभरात पन्नास जण ते उचलतात. नकलेचा हा गुण मी कौतुकाने सांगत नाही, पण सुरतेच्या वेगाचं ते एक कारण आहे. सवलतीने दार उघडलं हे कबूल. आत येऊन घर मांडलं ते या रचनेने.

आता प्रश्न आपला आहे, कारण गिरण्यांच्या जागी आज आपण बसलो आहोत. वॉटरजेट आणि रेपियर या नव्या, वेगवान मागांना घाबरण्याचं कारण नाही, असं मला वाटतं. साधा माग ठेवणाऱ्या लहान कारखानदारावर ते संकट आहे, यात शंका नाही. पण उद्योगाच्या दृष्टीने ते चांगलं यंत्र आहे आणि ज्याच्याकडे भांडवल आहे, तोच जुना माणूस ते घेतो आहे. रचना तीच राहते. खुद्द ख्रिस्टेन्सेननीही 2015 मध्ये बजावलं होतं की प्रत्येक यशस्वी नव्या गोष्टीला उलथापालथ म्हणत सुटू नका. खरी हालचाल दुसरीकडे आहे. रोटरी छपाईला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते, म्हणून प्रोसेस हाउसला मोठा लॉट हवा असतो. लहान लॉट घेऊन कुणी आलं तर आपण काय म्हणतो? ‘परवडत नाही.’ डिजिटल छपाईला स्क्रीन लागत नाही. ती मीटरमागे महाग आहे, वेगाने कमी आहे, पण थोड्या मीटरचं कामही ती घेते. दुसऱ्या टोकाला 2015 मध्ये सुरू झालेल्या मीशोसारख्या ऑनलाइन बाजारपेठेने 2021 पासून विक्रेत्याकडून कमिशन घेणं बंद केलं आणि छोट्या गावातल्या, ब्रँडची पर्वा नसलेल्या गिऱ्हाइकापर्यंत वाट काढली. चिनी कंपनी शीन तर एखादं डिझाइन शे-दोनशे नगांपुरतंच काढते, खपलं तर पुन्हा सांगते. या दोन टोकांना एकत्र जोडा. मोठा लॉट, आडत्या, तीन-चार महिन्यांची उधारी आणि दिवाळीचा सीझन या चार खांबांवर उभा असलेला धंदा कुठून पोखरला जाईल, ते लगेच दिसतं. आपण नाकारलेल्या ऑर्डरीच उद्याचा बाजार असू शकतात.

‘ऑनलाइनचा माल हलका असतो, गिऱ्हाईक परत करतं, हे खूळ ओसरेल,’ असं मार्केटमध्ये अनेक जण म्हणतात. सिंथेटिक साडीबद्दल सुती कापडवाले नेमकं असंच बोलत असत. रिटर्नचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. परत आलेल्या मालाचा तोटा कोण सोसतो? बहुतेक वेळा शेवटचा लहान विक्रेता. आणि ही आपल्याच रचनेची जुनी खोड आहे. एका छताखालची गिरणी मोडली तेव्हा जोखीम नाहीशी झाली नाही, ती खाली सरकली. मागावरच्या कारागिराला मीटरच्या हिशेबाने मजुरी, बारा तासांची पाळी, माग बंद तर कमाई बंद. एप्रिल-मे 2020 मध्ये घरी जाऊ द्या म्हणून याच शहरात हजारो कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा या रचनेचा हिशेब सगळ्या देशाने पाहिला. म्हणून नव्या रचनेचं स्वागत करताना ती किती स्वस्त आहे, एवढंच विचारून भागणार नाही. तोटा कुणाच्या अंगावर टाकून ती स्वस्त झाली, हेही विचारावं लागेल.

वाटणी बदलता येते का? येते, आणि पुरावा इथल्याच धुराड्यांत आहे. 2019 मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरत परिसरातल्या तीनशेहून अधिक कारखान्यांवर एक प्रयोग केला. धुराड्यांतली धूळ सतत मोजणारी उपकरणं बसवली गेली. निम्म्या कारखान्यांवर जुनेच नियम ठेवले, उरलेल्यांना धूळ सोडण्याचे परवाने देऊन त्यांची आपसांत खरेदी-विक्री करू दिली. कोळसा तोच, बॉयलर तेच. परवान्यांच्या बाजारातल्या कारखान्यांची धूळ इतरांच्या तुलनेत 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाली. धुळीचे कण असे बाजारात आणण्याचा जगातला तो पहिला प्रयोग होता. पाण्याचंही तसंच. 2014 पासून महापालिकेचा बमरोलीचा प्रकल्प शहराचं सांडपाणी शुद्ध करून रोज 4 कोटी लिटरपर्यंत पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरवू शकतो. जे पालिका फेकून देत होती, त्याचे आता तिला पैसे मिळतात. धूळ आणि सांडपाणी यांचा हिशेब नव्याने मांडता येतो, तर रिटर्नचा आणि मजुरीचा का येऊ नये?

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने माझी एक विनंती आहे. चर्चासत्रांत यंत्रांच्या किमतींवर वेळ घालवू नका, त्या दलालाकडूनही कळतात. कारखानदारांनी गेल्या वर्षभरात कोणत्या ऑर्डरी परत पाठवल्या, ते इथे मोकळेपणाने सांगावं. व्यापाऱ्यांनी रिटर्नचा तोटा कसा वाटून घेता येईल याचा मसुदा मांडावा. आणि मागावर, रंगाई-छपाईच्या यंत्रांवर काम करणारे जे बंधू या सभागृहात मागच्या रांगांत बसले आहेत, त्यांना पहिल्याच सत्रात बोलू द्यावं.