नकार लेखी मागा



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने वादात पडू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. 1975 साली कराडला दुर्गाबाई भागवतांनी तो मोडला. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, देशात आणीबाणी होती, आणि तरीही बाई बोलल्या. पुढे तुरुंगातही गेल्या. त्यांच्या खुर्चीची आठवण ठेवून मी आज गोड बोलणार नाही.

एखादे व्याख्यान, एखादे नाटक रद्द झाले की एकच वाक्य कानावर येते : ‘स्वातंत्र्याला मर्यादा असतात.’ असतातच! संविधानाच्या अनुच्छेद 19(2) मध्ये त्या लिहून ठेवल्या आहेत. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. या आठांत ‘आमच्या भावना दुखावल्या’ कुठे आहे ते मला दाखवा. धार्मिक भावनांचे कलम फौजदारी कायद्यात आहे, पूर्वीचे 295 अ, आताचे 299. पण त्यालाही बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूची अट आहे. कोणाला राग आला, एवढ्याने तो गुन्हा होत नाही.

शिवाय हे निर्बंध कायद्यानेच घालावे लागतात आणि ते वाजवी असावे लागतात. पोलीस ठाण्यातून आलेला ‘जरा सबुरीने घ्या’ हा फोन म्हणजे कायदा नव्हे.

सुव्यवस्थेचे कारण तर सर्वांत सोयीचे. धमकी देणारा मोकळा, नोटीस मात्र वक्त्याला! 1989 साली एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग बंद केला आहे. निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येणार नाही, ती जपणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असा तो निकाल. तरीही 2012 मध्ये आपल्याच पालघरला काय झाले? बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले, दुसरीने ते ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली आणि एकीच्या नातेवाइकाचा दवाखाना फोडला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66 अ कलमाचा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये घटनाबाह्य ठरवले. चर्चा करणे, कितीही अप्रिय मताचा पुरस्कार करणे हा हक्कच आहे. ते चिथावणीपर्यंत पोचले तरच राज्याला हात घालता येतो, हे त्या निकालाने स्पष्ट केले.

पण सरकारला बोलून मी थांबलो, तर ती लबाडी होईल. आज निम्मे काम आपल्या संस्थाच करून टाकतात. निमंत्रण पाठवायचे, कुणीतरी डोळे वटारले की ‘अपरिहार्य कारणास्तव’ मागे घ्यायचे. ते कारण अपरिहार्य नसते, ती भीती असते; आणि ती भीती पुढच्या लेखकाच्या टेबलापर्यंत पोचते.

असे घाबरणे अटळ नसते. विजय तेंडुलकरांचे नाटक ‘सखाराम बाइंडर’ अडवले गेले, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग घरी बसले नाहीत. उच्च न्यायालयात गेले, लढले आणि जिंकले.

म्हणून संयोजकांना माझे सांगणे आहे. कार्यक्रम रद्द करा म्हणणाऱ्या अधिकाऱ्याकडे तो आदेश लेखी मागा, कोणत्या कायद्याखाली ते विचारा. पोलीस संरक्षणासाठी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. विरोधकाला प्रश्न विचारायला सभागृहात जागा ठेवा. मग तो लेखी आदेश घेऊन न्यायालयात जा, पण वक्त्याला ‘येऊ नका’ असे कळवू नका.