शर्यतीच्या कबुतरांची मानमोडी

कोंबड्यांची मानमोडी महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत कोणास नवी नाहीं. १९२६ सालीं हा रोग जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल शहरानजीक ओळखला गेला. त्यानंतर लवकरच हिंदुस्थानांत राणीखेत येथें त्याची ओळख पटली. म्हणून जग त्यास न्यूकॅसलचा रोग म्हणतें आणि हिंदुस्थान राणीखेतचा. या रोगाच्या विषाणूची एक शाखा कबुतरांच्या अंगीं मुरली आणि तिनें युरोपांतील एका जुन्या खेळासच वेठीस धरलें, ही हकीकत मात्र इकडे फारशी कोणास माहीत नाहीं.

हा खेळ कबुतरांच्या शर्यतीचा. बेल्जम व इंग्लंड या देशांत खाणींतील व गिरण्यांतील कामकऱ्यांनीं तो पिढ्यान् पिढ्या जोपासला. निरनिराळ्या मालकांचीं कबुतरें एकत्र टोपल्यांत भरून, पूर्वीं आगगाडीनें व पुढें मोटारीनें, शेंकडों मैल दूर न्यावयाचीं आणि एकाच वेळीं मोकळीं सोडावयाचीं, अशी त्याची रीत. प्रत्येक पक्षी आपापल्या खुराड्याची वाट धरतो. घरें कमीअधिक अंतरावर असल्यामुळें प्रथम पोंचणारा जिंकतोच असें नाहीं. अंतरास वेळेनें भागून ज्याचा वेग अधिक भरतो, तो विजयी.

या व्यवस्थेंतच सांथीचें बीज आहे. टोपलींतील एक पक्षी रोगी असला, तर त्याच्या विष्ठेंतून विषाणू शेजाऱ्यांस मिळतो. आणि घरीं परतण्याचा जो गुण कबुतराचें भूषण, त्याच गुणानें रोग एका दिवसांत अनेक गांवच्या खुराड्यांत पोंचतो. लक्षणें दिसावयास कित्येक दिवस, कधीं आठवडेही लागतात. प्रथम पक्षी पाणी फार पितो, विष्ठा पाण्यासारखी होते. मग डोकें थरथरतें, मान पिळवटते, आणि दाणा समोर असून चोंच भलतीकडेच पडते. असा पक्षी कधीं कधीं रोगापेक्षां उपासानेंच मरतो. खोल भांड्यांत दाणापाणी ठेवून शुश्रूषा केल्यास कित्येक पक्षी सुधारतात. परंतु विषाणूवर औषध असें नाहीं.

१९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पश्चिम आशियांत उद्भवलेली ही सांथ १९८१ मध्यें इटलींत व १९८३ मध्यें ब्रिटनमध्यें पोंचली. १९८४ मध्यें लिव्हरपूलच्या गोदींत साठविलेल्या धान्यांत मोकाट कबुतरांची विष्ठा मिसळली. तें धान्य कोंबड्यांच्या खाद्यांत गेलें आणि दूरदूरच्या कोंबड्यांत रोग फुटला. कांहीं शौकिनांचा खासगी प्रश्न पाहतां पाहतां देशाच्या अन्नाचा प्रश्न झाला. उपाय एकच, प्रतिबंधक लस. ती मानेच्या मागें त्वचेखालीं टोचतात; ब्रिटनमध्यें शर्यतींत उतरणाऱ्या कबुतरांस ती टोचलेली असणें कायद्यानेंच आवश्यक ठरलें.

तथापि एका रोगाची लस दुसऱ्यास चालत नाहीं. मे २०१६ मध्यें पश्चिम ऑस्ट्रेलियांत शर्यतीचीं कबुतरें वांती व अतिसारानें पटापट मरूं लागलीं. डिसेंबरांत व्हिक्टोरिया प्रांतांत तीच लक्षणें दिसलीं, आणि १९१७ च्या नव्हे, तर २०१७ च्या आरंभींच, म्हणजे वर्ष पुरें होण्याच्या आंत, नॉर्दर्न टेरिटरी वगळतां सर्व प्रांतांतून तशाच वार्ता आल्या. तपासणींत यकृताचा नाश झालेला आढळला, आणि कारण निघालें एक नवाच रोटाव्हायरस. लहान मुलांच्या अतिसारास कारण होणाऱ्या विषाणूच्याच कुळांतला.

अशा सांथींत खरी कसोटी पक्ष्याची नसून मालकाची असते. शर्यतीच्या आदल्या सायंकाळीं एखादें कबुतर वाजवीपेक्षां अधिक पाणी पितांना दिसतें. वर्षाची मेहनत पणास लागलेली असते. तें एक कबुतर बाजूस ठेवून उरलेलीं टोपलींत भरण्याचा मोह दांडगा असतो. परंतु दिसावयास निरोगी असलेला त्याचा सोबतीही तोंवर विषाणूचा वाहक झालेला असूं शकतो. म्हणून त्या दिवशीं सगळेंच खुराडें बंद ठेवणें, शेजाऱ्यांस खरें सांगणें आणि पशुवैद्यास बोलावणें, हाच शहाणपणाचा मार्ग. एक शर्यत बुडाली तर पुढच्या हंगामांत दुसरी मिळते. दडविलेला रोग मात्र गांवोगांवचीं खुराडीं रिकामीं करतो.